मानला तर देव : श्रद्धा आणि पुरावा यांच्या विचाराची प्रस्तावना

वाईहून पाचगणीला येणारा रस्ता पसरणीच्या घाटाने वर चढतो. अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटरांचे. पायथ्याशी कृष्णाकाठचे वाई. तिथे ढोल्या गणपती आहे, प्राज्ञपाठशाळा आहे, मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. माथ्यावर पाचगणी, इथे देऊळ, मशीद आणि चर्च एकाच छोट्या गावात नांदतात, पारशी कुटुंबांचे जुने बंगले आहेत, बहाई मंडळींनी १९४५ साली सुरू केलेली न्यू एरा शाळा आहे. १९४४च्या जुलैमध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेतून सुटलेले गांधीजी इथे येऊन राहिले. त्या कैदेतच त्यांचे सचिव महादेवभाई आणि पत्नी कस्तुरबा यांचे निधन झाले होते. तरीही गांधीजींची सामुदायिक प्रार्थना इथे चालू राहिली. त्या प्रार्थनेला बसलेल्या एखाद्याला कुणी विचारले असते, की तुम्ही ज्याला हाक मारता तो आहे याला पुरावा काय, तर त्याने काय दाखवले असते? बहुधा काहीच नाही. मग ती प्रार्थना अविवेकाची होती का?

हा प्रश्न ज्याला कधी ना कधी पडला आहे, त्याच्यासाठी ही प्रस्तावना. पुरेसा पुरावा हाती नसताना देव मानणे विवेकाला धरून असू शकते का, या एका प्रश्नाभोवती तत्त्वज्ञानाची एक मोठी शाखा उभी आहे. तिचे दार उघडायला पदवी लागत नाही. आस्तिकाने आत येताना श्रद्धा बाहेर काढून ठेवायची नाही आणि नास्तिकाने शंका. दोघांनीही एवढेच मान्य करायचे, की आपल्याला उत्तर आधीपासून ठाऊक आहे असे वाटत असले तरी प्रश्न अजून नीट मांडायचा राहिला आहे.

मांडणी शब्दांपासून सुरू करावी लागते. मराठीत या विषयासाठी तीन शब्द हाताशी आहेत आणि प्रत्येक शब्द आपला वेगळा प्रश्न घेऊन येतो. 'पुरावा' हा कोर्टकचेरीचा शब्द. तो विचारतो, तिऱ्हाईताला पटेल असे काय आहे? 'प्रमाण' हा दर्शनशास्त्राचा शब्द. तो विचारतो, हे ज्ञान कोणत्या वाटेने आले आणि ती वाट भरवशाची आहे का? 'प्रचीती' हा संतांच्या आणि साधकांच्या बोलण्यातला शब्द. तो विचारतो, तुझ्या स्वतःच्या जगण्यात याचा काय अनुभव आला? एखाद्या श्रद्धेला पुरावा नसेल, पण प्रमाण असेल. प्रमाण सांगता येणार नाही, पण प्रचीती असेल. या विषयावरची निम्मी भांडणे एकाने पुरावा मागितला आणि दुसऱ्याने प्रचीती सांगितली, यातून होतात.

दुसरा भेद 'विश्वास' या शब्दाच्या पोटात आहे. 'देव आहे असा माझा विश्वास आहे' आणि 'माझा देवावर विश्वास आहे' ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत. पहिले जगाविषयीचे विधान आहे, ते खरे असेल किंवा खोटे. दुसरे भरवशाचे आहे; आईवर, मित्रावर, सहकाऱ्यावर ठेवतो तसा. भरवसा ठेवणारा माणूस आधी सगळे कागद तपासून मग भरवसा ठेवत नाही. पण ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तो मुळात असायला तर हवा. म्हणून दुसरे वाक्य पहिल्यापासून पूर्ण सुटू शकत नाही. ही गाठ लक्षात ठेवून पुढे जावे.

पुराव्याच्या बाजूची सर्वांत करारी मांडणी इंग्रज गणिती विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ साली केली. त्यांचे उदाहरण असे. एका जहाजमालकाला आपले जहाज जुने झाल्याची शंका येते. दुरुस्तीचा खर्च मोठा. तो शंका मनातल्या मनात दडपतो, जहाजाने आजवर इतक्या फेऱ्या केल्या आहेत अशी स्वतःची समजूत घालतो आणि परमुलखात संसार थाटायला निघालेल्या कुटुंबांना त्यावर बसवून देतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतात, तो माणूस अगदी प्रामाणिकपणे निर्धास्त असला तरी दोषी आहे, कारण तसे निर्धास्त होण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरीही तो दोषीच ठरला असता. विश्वास ठेवणे ही निव्वळ खासगी बाब नाही, तिची नैतिक जबाबदारी असते, हा विचार त्यांनी असा ठाशीवपणे मांडला.

क्लिफर्ड वाचताना वाई तालुक्यातल्या माणसाला मांढरदेव आठवल्याशिवाय राहत नाही. २५ जानेवारी २००५ रोजी तिथल्या काळूबाई देवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग यांत अडीचशेहून अधिक भाविक मरण पावले. अशा वेळी श्रद्धेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे असते. पण नीट पाहिले तर तिथे दोन विश्वास वेगळे करता येतात. 'काळूबाई माझी आई आहे' हा एक. 'या चढाच्या अरुंद वाटेवरून, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवरून एवढी गर्दी सुखरूप जाईल' हा दुसरा. जहाजमालकाचा विश्वास या दुसऱ्या जातीचा आहे. वाटेची रुंदी मोजता येते, माणसे मोजता येतात, बाहेर पडायच्या वाटा आखता येतात. तिथे पुराव्याविना निर्धास्त राहायचा अधिकार कुणालाच नाही, भक्तालाही नाही आणि बंदोबस्त ठेवणाऱ्यालाही नाही. खरा घात तिसऱ्या ठिकाणी होतो: 'देवी आहे, काही होणार नाही' असे म्हणताना पहिला विश्वास दुसऱ्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. अंधश्रद्धेची मला पटलेली व्याख्या हीच आहे. जिथे मोजमाप करता येते आणि करायलाच हवे, तिथे मोजमापाच्या जागी श्रद्धेला उभे करणे.

क्लिफर्डना उत्तर दिले ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी, १८९६ साली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. काही निवडी जिवंत असतात, म्हणजे दोन्ही पर्याय आपल्याला खरोखर शक्य वाटतात. टाळता न येणाऱ्या असतात, म्हणजे न निवडणे हीसुद्धा निवडच ठरते. आणि त्या आयुष्याला वळण देणाऱ्या असतात. अशा वेळी पुरावा दोन्हीकडे अपुरा असेल तर मनाचा कौल घेण्याचा माणसाला अधिकार आहे. थांबून राहण्यालाही किंमत पडते. चूक टाळणे हे जसे बुद्धीचे कर्तव्य, तसेच सत्य गमावू न देणे हेही तिचेच कर्तव्य.

जेम्स समजून घ्यायला पाचगणीसारखे गाव नाही. महाबळेश्वरपेक्षा कोरडी असलेली इथली हवा क्षयरोग्यांना मानवते म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे आरोग्यधामे उभी राहिली; डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांचे बेल-एअर त्यांतले सर्वांत नावाजलेले. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागेपर्यंत क्षयावर नेमके औषध नव्हते. हवा, विश्रांती, सकस अन्न आणि वाट पाहणे, एवढेच उपचार. व्हरांड्यातल्या खाटेवर पडलेल्या त्या काळातल्या रोग्याचा विचार करा. आपण बरे होऊ असे मानायला त्याच्याकडे पुरेसा पुरावा नव्हता. आकडे पाहिले तर उलटाच कौल मिळाला असता. पण न मानता महिनोन्‌महिने ती शिस्त पाळणे त्याला जमले नसते आणि शिस्त पाळली नसती तर जी थोडी आशा होती तीही गेली असती. अशा माणसाला 'पुरावा येईपर्यंत विश्वास राखून ठेव' हा सल्ला विवेकाचा वाटत नाही.

त्याच खाटेवरून जेम्स यांच्या युक्तिवादाची मर्यादाही दिसते. रोग्याचा विश्वास त्याच्या बरे होण्याला हातभार लावतो. आपल्या मानण्याने देवाचे असणे किंवा नसणे मात्र बदलत नाही. आणि त्याच रोग्याने 'माझ्यापासून कुणाला बाधा होणार नाही' असे पुराव्याविना मानून घरच्यांच्या खोलीत झोपायला सुरुवात केली, तर तो क्षणात क्लिफर्ड यांचा जहाजमालक होतो. एकाच माणसाच्या उशाशी दोन विश्वास, एक आधाराचा आणि एक घाताचा. जेम्स यांनाही पुढे वाटले, की आपण निबंधाच्या शीर्षकात विश्वासाच्या इच्छेऐवजी विश्वासाच्या अधिकाराविषयी बोलायला हवे होते. अधिकार म्हटला की मर्यादा आलीच.

इथवर वाचून हा वाद पश्चिमेतून आला असे कुणाला वाटेल. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्याकडे हजाराहून अधिक वर्षांपूर्वी अधिक बारकाईने चर्चिला गेला आहे. त्याला प्रामाण्यवाद म्हणतात. प्रश्न असा: एखादे ज्ञान झाले की ते खरे आहे हे त्या ज्ञानाबरोबरच ग्राह्य धरायचे, की वेगळ्या कसोटीने ठरवायचे? कुमारिलभट्टांसारखे मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणाले, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याच्या विरुद्ध जाणारे बाधक ज्ञान पुढे आले किंवा ज्या साधनाने ते झाले त्यातच दोष सापडला, तरच ते टाकायचे. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला मागत बसलो तर दाखल्यांची साखळी कधी संपणारच नाही. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे अनुयायी, म्हणाले, नाही, प्रामाण्य बाहेरून ठरते. समोर दिसते ते पाणी की मृगजळ, हे जवळ जाऊन तहान भागली की कळते.

यातले मर्म असे की, प्रामाण्य स्वतःसिद्ध मानणाऱ्या कुमारिलांनी वेद स्वीकारला पण जगाचा कर्ता ईश्वर स्वीकारला नाही. आणि बाहेरची कसोटी मागणाऱ्या नैयायिकांपैकी उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात 'न्यायकुसुमांजली' लिहून ईश्वर अनुमानाने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. म्हणजे पुरावा मागणारा तो नास्तिक आणि न मागणारा तो आस्तिक, हे आपले सोपे गणित आपल्याच परंपरेत चुकते. अमेरिकन तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगा यांनी १९८३च्या सुमारास मांडले, की काल आपण जेवलो होतो ही आठवण किंवा समोरच्याला आपल्यासारखेच मन आहे ही खात्री आपण पुराव्याने मिळवत नाही, ती पायाभूत असते; देवावरचा विश्वासही तसाच पायाभूत असू शकतो. मीमांसा वाचलेल्याला हा विचार ओळखीचा वाटेल.

त्यावरचा आक्षेपही ओळखीचा. मग पिंपळावरचा मुंजा पायाभूत का नाही? इथे मीमांसकांची अट उपयोगी पडते. पायाभूत म्हणजे कायमचा सुरक्षित नव्हे. बाधक आले की उत्तर द्यावे लागते. मुंजाच्या समजुतीविरुद्ध बाधके ढीगभर आहेत. देवाविरुद्ध जगातले दुःख हे सर्वांत बळकट बाधक आहे आणि परस्परविरोधी धर्म हे दुसरे. आस्तिकाला त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. श्रद्धेला पुराव्यापासून सुरुवात करावी लागत नसेल, पण आक्षेपांना सामोरे जाण्यापासून तिची सुटका नाही.

प्रचीतीचा विचार करायला पाचगणीहून फार दूर जावे लागत नाही. याच जिल्ह्यातल्या सज्जनगडावर १६८२ साली समर्थ रामदासांनी देह ठेवला. 'दासबोधा'त त्यांनी अनुभवावाचूनच्या बोलण्याला किंमत दिलेली नाही आणि ऐकीव ज्ञानावर विसंबणाऱ्याला वारंवार सावध केले आहे. भक्तीच्या ग्रंथात तपासून घेण्याचा एवढा आग्रह असावा, ही गोष्ट या शाखेच्या अभ्यासकाने विसरू नये. विसाव्या शतकात गुरुदेव रा. द. रानडे यांनी संतांच्या अनुभवांकडे तत्त्वज्ञाच्या नजरेने पाहिले. महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारविचारावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली आला. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या जातींतल्या माणसांचे अनुभव जुळतात, हा काही प्रमाणात पुरावा मानायचा की मनाच्या समान घडणीचा परिणाम? हा प्रश्न अजूनही खुला आहे.

आतल्या अनुभवाला कसोटी लावण्याचा एक प्रयत्न पाचगणीतच चालतो. १९६८ साली गांधीजींचे नातू राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैतिक पुनरुत्थानाच्या चळवळीचे एशिया प्लॅटो हे केंद्र इथे उभे केले. तिथली जुनी रीत अशी: काही वेळ शांत बसायचे, मनात येईल ते वहीत लिहायचे आणि मग ते प्रामाणिकपणा, पावित्र्य, निःस्वार्थता आणि प्रेम या चार निकषांवर घासून पाहायचे. आतला आवाज आला एवढ्यावर तो देवाचा ठरत नाही, हे त्या पद्धतीत गृहीतच आहे. चार निकषांमुळे देव सिद्ध होतो असे मी म्हणत नाही. पण आपल्याच मनाची लबाडी पकडण्याची सोय ज्या श्रद्धेने स्वतःच्या आत करून ठेवली, ती आंधळी म्हणता येत नाही.

आता पुन्हा घाट उतरू. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे प्रचंड काम केले. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी १९२३ साली कलकत्त्याची तर्कतीर्थ ही पदवी मिळवून आले. याच लक्ष्मणशास्त्रींनी जून १९३३ मध्ये पुण्यात गांधीजींचे पुत्र देवदास गांधी आणि काँग्रेस नेते राजाजींच्या कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य केले. त्या दांपत्याचे चिरंजीव म्हणजे राजमोहन. धर्मशास्त्राच्याच आधाराने धर्मातला अन्याय मोडता येतो, हे तर्कतीर्थांनी अशा कृतींतून दाखवले. पुढे विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या सहवासात ते जडवादाकडे वळले, 'हिंदुधर्माची समीक्षा' त्यांनी लिहिली आणि तरीही 'वैदिक संस्कृतीचा विकास' लिहिताना त्यांची परंपरेविषयीची आस्था आटली नाही. त्यांच्यानंतर विश्वकोशाची धुरा सांभाळणारे मे. पुं. रेगे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात मुरलेले होते आणि आस्तिकही होते. नागपूरहून १९९० पासून निघू लागलेल्या 'आजचा सुधारक' या मासिकातून दि. य. देशपांडे यांनी विवेकवादाची बाजू लावून धरली: विश्वास पुराव्याच्या प्रमाणातच असावा. धार्मिक जीवनदृष्टी तिच्या आतून समजून घ्यावी लागते, हा रेगे यांचा आग्रह. मराठीत या विषयाचे वाचन सुरू करायचे तर या दोघांपासून करावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. एकमेकांचा मुद्दा पूर्ण ऐकून घेऊन असहमत कसे व्हावे, हेही त्यांतून शिकायला मिळते.

तोच धडा साताऱ्याच्या दोघांनी व्यासपीठावर गिरवला. डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म साताऱ्याचा आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांची कर्मभूमी सातारा. 'विवेकजागराचा वादसंवाद' या कार्यक्रमात लागू देवाची कल्पनाच निवृत्त करा असे सांगत. दाभोलकर मात्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका समजावून देत, की देव आणि धर्म याबाबत समिती तटस्थ आहे; तिचा विरोध शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने पूजा, यात्रा, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही. देव आहे की नाही याचा निवाडा कायदा करत नाही. इजा, फसवणूक आणि पिळवणूक कुठे होते एवढेच तो पाहतो. श्रद्धा आणि पिळवणूक यांतली ही रेघ कायद्यात उतरायला एका माणसाचा जीव गेला, ही गोष्ट या शाखेत शिरणाऱ्या प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी. आक्षेप घेणाऱ्याला जिवंत राहता येत नसेल, तर तिथली कोणतीच श्रद्धा स्वतःला विवेकी म्हणवू शकत नाही. बाधकाचे तोंडच बंद केले, तर प्रामाण्य उरते कुठे?

माझे स्वतःचे मत लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुरेशा पुराव्याशिवायही देव मानणे विवेकाला धरून असू शकते, असे मला वाटते. पण दोन अटींवर. पहिली, आक्षेपाचे दार उघडे असावे. काय घडले तर माझी श्रद्धा डळमळेल, हे श्रद्धावानाला स्वतःला सांगता यावे. दुसरी, त्या श्रद्धेची किंमत मानणाऱ्याने स्वतः मोजावी. ती लेकराबाळांवर, सुनेवर, रोग्यावर, परक्या जातीच्या माणसावर ढकलू नये. दुसरी अट पाळणे दिसते त्याहून अवघड आहे, कारण घरातल्या श्रद्धेची किंमत पुष्कळदा कुणीतरी मुकाट्याने मोजत असते आणि तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. शिवाय या दोन्ही अटी पाळल्या म्हणून श्रद्धा खरी ठरत नाही. विवेकी असणे आणि खरे असणे यांत अंतर आहे. विवेकी माणसाचीही चूक होऊ शकते, हे आस्तिकाने आणि नास्तिकाने सारखेच लक्षात ठेवायचे.

नव्या वाचकाला एकच विनंती. क्लिफर्ड आणि जेम्स शक्यतो एकाच दिवशी वाचा, म्हणजे एकाचा अंमल चढण्याआधी दुसरा भेटेल. आपल्या आजीच्या देवघराकडे आणि आपल्या बुद्धिवादी मित्राकडे त्याच आदराने पाहा. १९८३ साली पुण्यात संस्कृत पंडित आणि आधुनिक तत्त्वज्ञ समोरासमोर बसले आणि इंग्रज तत्त्वज्ञ रसेलच्या विचारांची चर्चा संस्कृतात झाली. ज्यांची परिभाषा वेगळी त्यांच्याशीही बोलता येते, याचा तो दाखला आहे.

आपल्याकडे म्हण आहे: मानला तर देव, नाही तर दगड. शंकेखोर ती ऐकवतो तेव्हा अर्थ असा, की देव माणसाच्या मानण्यातून तयार होतो. भाविक म्हणतो तेव्हा अर्थ असा, की दगड सगळ्यांनाच दिसतो, देव दिसायला तयारी लागते. या विषयात काही वर्षे घालवल्यावर माझे लक्ष 'मानणे' या शब्दावरच जाऊन थांबते. मराठीत मानणे म्हणजे खरे धरणे, मान देणे, आणि एखाद्याचे ऐकून त्याप्रमाणे वागणेही. खरे धरण्याला पुरावा पुरेसा आहे की नाही, यावर विद्वान भांडत राहतील आणि भांडावे. पण ज्याने मानले, त्याच्यावर उरलेले दोन अर्थ बंधनकारक होतात. ज्याला तो देव म्हणतो त्याचा मान राहील असे त्याला वागावे लागते, आणि आपण तसे वागलो की नाही हे विचारण्याचा हक्क समोरच्याला द्यावा लागतो. पसरणीचा घाट चढताना आणि उतरताना रस्ता एकच असतो. या शाखेत तुम्ही कोणत्याही टोकाकडून या, वाटेत दुसऱ्या टोकाचा माणूस भेटेल. त्याच्याशी थांबून बोला.

पाचगणी